तीन मशीन, तीन ड्राइव्ह आणि माझी सून

मी, खाली सही करणारी, वय वर्षे एकाहत्तर, धंदा मोटरींचं वाइंडिंग (सध्या डोळ्यांमुळे बंद), आज राहत्या घरी माझं मृत्युपत्र करून ठेवते ते असं. मी शुद्धीत असल्याचा दाखला डॉक्टरांनी दिला आहे. माझ्यावर कोणाचा दबाव नाही. दबाव आणायला घरात कोणी उरलेलंही नाही. याआधीचं माझं मृत्युपत्र कोणी दाखवलं तर ते खोटं समजावं.

कलम १. राहतं घर आणि बँकेतली ठेव माझ्या एकुलत्या मुलाला मिळावी. त्याने घर विकलं तरी हरकत नाही. भिंतींचं मला विशेष काही वाटत नाही. खरं तर माझे पती, म्हणजे हे, गेल्यापासून मला कशाचंच विशेष काही वाटत नाही. सगळे म्हणाले, रडून घ्या, मोकळं वाटेल. बसून पाहिलं, जमलं नाही. मग भांडी घासायला घेतली.

कलम २. मागच्या खोलीत लेथ, मिलिंग आणि ड्रिल अशी तीन मशीन आहेत. हे टर्नर होते तो कारखाना बंद पडला तेव्हा ह्यांनी ती उचलून आणली. तिन्ही थ्री-फेजवर चालणारी आणि घरात वीज सिंगल फेज. मी म्हटलं, पाहुणे आणलेत खरे, आता त्यांना खायला काय घालणार? त्यावर उपाय म्हणजे ड्राइव्ह. ही पेटी घरची वीज घेते, मोटरीला थ्री-फेज पुरवते आणि वेगही कमीजास्त करते.

माझे धाकटे दीर म्हणाले, "तीन कशाला? एकच दणकट घ्या. मधे बटण ठेवा, फिरवलं की पुढचं मशीन." हे भावाला कधी नाही म्हणत नसत. उद्घाटन दिरांनीच केलं आणि लेथ फिरत असतानाच बटण फिरवलं. फट् आवाज झाला, खोली धुराने भरली. मोटर चालू असताना तिच्या आणि ड्राइव्हच्या मधली वाट तोडायची नसते. दीर म्हणाले, "मालच खराब होता." अजून तेच म्हणतात. तो जळका ड्राइव्ह मी पुसून ठेवला आहे. तो दिरांना द्यावा.

कलम ३. पुढचे तीन ड्राइव्ह माझ्या सुनेने निवडले. ती लाकडी खेळणी करून विकते. लेथ ह्यांच्याकडूनच शिकली. दुकानदार हॉर्सपॉवर विचारतो. ती म्हणाली, आधी मोटरीच्या पाटीवरचे अँपिअर वाचू. लेथला एक माप मोठा घेतला, कारण त्याचा चक, म्हणजे वस्तू पकडून धरणारा जड जबडा, फिरवायला सुरुवातीला जोर लागतो. ड्रिलला साधा पुरला. मिलिंगची मोटर मात्र अडून बसली. घरच्या कमी व्होल्टवर चालवायला तिची जोडणी बदलायला हवी होती आणि तारांची टोकं आत वाइंडिंगखाली एकत्र बांधलेली. ती मी उकरून बाहेर काढली. सुनेने दुपारभर बॅटरीचा उजेड धरला. हे दारात उभे राहून "तुटेल, तुटेल" करत होते. तुटली नाही.

तिन्ही मशीन, आपापल्या ड्राइव्हसकट, या सुनेला मिळावीत. ड्राइव्हची अदलाबदल करू नये आणि मधे बटण घालू नये.

ती आणि माझा मुलगा दोन वर्षांपूर्वी कायद्याने वेगळे झाले. मुलगा म्हणाला, "आई, ती आता आपली कोण?"

मी म्हटलं, "तुझी बायको राहिली नाही. माझी सून आहे."

"लोक काय म्हणतील?"

"लोकांना लेथ चालवता येतो का?"

पण ती घेईल का, हे मला माहीत नाही. वेगळी झाल्यापासून ती माझी औषधं आणते आणि फाटकातूनच परत जाते. हे गेले त्या दिवशीही ती फाटकाबाहेरच उभी होती. ती नको म्हणाली, तर मुलाने हवं ते करावं. भंगारवाल्याला त्याने विचारून ठेवलंच आहे. मग ती खोली मला न दाखवता रिकामी करावी, असं लिहिणार होते, पण तेव्हा मी नसेनच.

कलम ४. वरची कलमं वकील टाइप करून घेऊन आले; हे कलम मी आज स्वतःच्या हाताने जोडत आहे. दुसरा साक्षीदार वेळेवर आला नाही आणि सून औषधं घेऊन फाटकाशी आलेली दिसली. मी हाक मारली, "सही हवी आहे गं, जरा आत ये." ती आली. पेन हातात घेतलं, तेवढ्यात वकिलांनी कागदावर हात ठेवला.

"तुम्हाला चालणार नाही. ज्याला काही मिळतं, त्याने साक्ष द्यायची नसते."

"मला काय मिळतंय?"

वकील माझ्याकडे बघू लागले. मी म्हटलं, "मागची मशीन. ड्राइव्हसकट."

तिने पेन खाली ठेवलं. मग म्हणाली, "बाबांच्या मागे लेथ कुणी चालवलाय?"

"कुणीच नाही."

ती मागच्या खोलीत गेली. थोड्या वेळाने ड्राइव्हची बारीक शिटी ऐकू आली आणि लेथ हळूहळू वेगात आला. मला एकदम भूक लागली. ती हात पुसत बाहेर आली आणि म्हणाली, "आई, मी काय तुम्ही मरेपर्यंत थांबू? उद्यापासून येते."

तरी कलम ३ आजपासूनच लागू समजावं. वकील म्हणतात, मृत्युपत्र असं आधी लागू होत नसतं. ती परत आत जाऊन लेथ लावून बसली आहे. त्यांनी जाऊन तिला सांगावं.

लिहून ठेवणारी: (सही)

साक्षीदार १: (सही) शेजारचे शिंपी
साक्षीदार २: (सही) कोपऱ्यावरचे औषधवाले, दुकान बंद करून उशिरा आलेले

दोघांनी माझ्यासमोर आणि मी दोघांसमोर सही केली.

ठिकाण: राहतं घर, पुढची खोली
दिनांक: नऊ फेब्रुवारी, सोमवार