एका कागदाचं काम

प्रिय पार्टनर,

प्रयोगशाळा सुटली, टेबल सुटलं, तरी दुसरं संबोधन काही सुचलं नाही. फाडायच्या आधी एकदा शेवटपर्यंत वाच. यात रडगाणं नाही, आणि तुझ्या वसतिगृहासमोर पुन्हा येऊन उभा राहीन अशी धमकीही नाही.

माझ्यामुळे तुझा निकाल अडकलाय हे मी विसरलेलो नाही. महिनाअखेर तो हातात आला नाही तर तुझा पुढचा प्रवेश जाईल, हेही मला ठाऊक आहे. चार महिने झाले त्या दिवसाला. सरांनी आपली दोन्ही जर्नलं शेजारी शेजारी ठेवली. सहाव्या प्रयोगात तू एक रीडिंग चुकून लिहिलं होतंस आणि खोडलं होतंस. माझ्या जर्नलात तेच रीडिंग होतं, तसंच खोडलेलं. खाडाखोडसुद्धा इमानदारीत उतरवून काढणारा त्या कॉलेजात मी पहिलाच असेन. तुझं जर्नल माझ्याकडे कसं आलं हे फक्त आपल्या दोघांना माहीत होतं. सर म्हणाले, कोणी कोणाचं उतरवलं ते लिहून द्या. मला एक ओळ लिहायची होती. त्याऐवजी मी जर्नल टेबलावर आपटलं, तुमचं कॉलेज तुम्हालाच लखलाभ म्हणालो आणि बाहेर पडलो. बाहेर पोरांनी पाठ थोपटली. आत तू एकटी उभी होतीस. नंतर फाटकापाशी येऊन तू एवढंच म्हणालीस, की एका कागदाचं काम आहे, देऊन टाक लिहून. मी म्हणालो, उद्या.

पहिले काही दिवस राग होता. मग लाज वाटायला लागली. मग नुसती सवयच झाली. सकाळी उठून ठरवायचं, दुपारी पुढे ढकलायचं आणि संध्याकाळी स्वतःला चार शिव्या घालून मोकळं व्हायचं. ताईने माझं नावच 'उद्या' ठेवलं. उद्या, जेवायला ये. उद्या, तुझे कपडे उचल. शेवटी तिनेच ओळखीच्या लिफ्ट-मिस्त्रींकडे मला चिकटवलं.

मिस्त्री पन्नाशीचे आहेत, बोलतात कमी आणि बोलले की टोचतं. त्यांची एक पद्धत आहे. सकाळी हत्यारांची पेटी उघडायच्या आधी दिवसाची कामं चिठ्ठीवर लिहायची. ती शर्टाच्या खिशात ठेवायची आणि काम झालं की तिथल्या तिथे खूण करायची. पहिल्या दिवशी मी सतरा कामं लिहिली. पहाटे पाचला उठणे, धावणे, राग न करणे असं करत करत शेवटचं, आयुष्य सुधारणे. त्यांनी चिठ्ठी चष्म्याजवळ धरून वाचली आणि विचारलं, हे शेवटचं कितीच्या पान्याने करतात? मलाही दे तो पाना, माझंही राहिलंय. चिठ्ठी त्यांनी फाडली. म्हणाले, हाताने करता येईल तेवढंच लिहायचं, आणि पाचाच्या वर जायचं नाही.

दुसऱ्या आठवड्यात मी पराक्रम केला. नऊ मजली इमारत होती. गच्चीवरच्या मशीन रूममध्ये जाऊन ब्रेक तपासायचा होता. पायऱ्यांचा कंटाळा आला म्हणून मी खालीच बसून 'ब्रेक तपासला' यावर खूण केली. मिस्त्रींनी चिठ्ठी बघितली आणि आपल्या खिशातून मशीन रूमची किल्ली काढून माझ्यासमोर धरली. सकाळपासून ती त्यांच्याकडेच होती. म्हणाले, दाराच्या फटीतून तपासलास का रे? तू मला काडेपेटी म्हणायचीस ते उगाच नाही; माझं डोकं फिरलं, मी पाना फेकला. ते शांतपणे म्हणाले, आता चिठ्ठीवर एक काम वाढव, पाना उचलणे. लोक त्या डब्यात पोरंबाळं घेऊन चढतात. केलं नसेल तर रिकामं ठेव, रिकामं दिसलं की मी तरी जाईन. मी पाना उचलला, ती खोटी खूण खोडली, नऊ मजले चढलो, ब्रेक तपासला आणि मग दोन्ही कामांवर खूण केली.

माझ्या चिठ्ठीत रोज शेवटी एक काम असायचं, कॉलेजात लिहून देणे. आज राहिलं की उद्याच्या चिठ्ठीत उतरवायचं. असे वीसेक दिवस गेले. मिस्त्रींनी एकदा विचारलं, हा कोण पाहुणा आहे तुझ्याकडे? रोज येतो, पाणीसुद्धा पीत नाही आणि जातही नाही. मी त्यांना सगळं सांगितलं. तुझं नाव नाही सांगितलं. ते म्हणाले, मोठी मोटर कोणी एकट्याने उचलत नाही, खोलून तुकड्यांनी खाली आणतात. म्हणून मी तुकडे केले. एका दिवशी फक्त कोरा कागद आणला. दुसऱ्या दिवशी फक्त तारीख आणि 'माननीय प्राचार्य' लिहिलं. पुढचे चार दिवस रोज एकच वाक्य. एक दिवस शुद्ध प्रत काढली. एका सकाळी बसने कॉलेजच्या स्टॉपपर्यंत जाऊन नुसता परत आलो, कारण त्या दिवशीच्या चिठ्ठीवर तेवढंच होतं. तुला हसू येईल, पण त्या खुणेचं मला जितकं समाधान वाटलं तितकं पहिल्या वर्षाच्या निकालाचंही वाटलं नव्हतं. काल सकाळी हेडक्लार्कच्या टेबलावर कागद ठेवला. त्यांनी मला ओळखलं आणि आपला चहाचा कप जरा लांब सरकवला. मी काहीही न आपटता पोच घेतली.

आता हे पत्र कशासाठी ते सांगतो. मंगळवारी अकरा वाजता प्राचार्यांच्या खोलीत आपल्या दोघांना बोलावलंय, तुलाही निरोप येईल. तिथल्या नियमाने जर्नल देणारा आणि उतरवणारा सारखेच दोषी धरतात. म्हणून मी लिहिलंय की तुझं जर्नल मी तुझ्या बॅगेतून, तुला न विचारता काढलं. तू खरं बोलून बसशील याची मला भीती आहे. ग्रंथालयाच्या जिन्यात तू ते स्वतः माझ्या हातात दिलं होतंस, समजून लिही हं म्हणाली होतीस, आणि दिल्यावर हात लगेच मागे घेतला नव्हतास. तुझ्या मनात माझ्याबद्दल कधीतरी काही होतं, याचा माझ्याजवळ तेवढाच पुरावा होता. तसं काही घडलंच नाही, असं मी सहीनिशी लिहून दिलंय. त्यांनी विचारलं तर तूही तेच सांग.

तुझाच,
काडेपेटी