सातवं मत

ता. ६ एप्रिल १९६१
सरपंच निवडायचा दिवस ठरला. १२ तारीख, चावडीत. पंच सात, मतं लागतात चार. माझं एक. हुसेनभाई दुकानवाले, दोन. वरच्या आळीचा ज्ञानू, तीन. बापूरावाकडं त्याच्यासकट तीन. राहिली सखू.
सखू बापूरावाच्या धाकट्या भावाची बायको. पंचायतीत बायकांना दोन जागा. एक मी लढून घेतली, दुसरीवर बापूरावानं आपल्या घरातली बसवली. गडी धूर्त आहे. सरपंचकी इतकी वर्षं काय उगाच केली.
आज नदीवर गाठ पडली तेव्हा सखूला सरळ विचारलं, मत कुणाला? म्हणाली, "बगू की आक्का."
म्हणजे माझंच. चार झाली.

ता. ८ एप्रिल
ह्यांचं सकाळी चहाबरोबर सुरू. "दर खेपंला पडतीस. हौस फिटली न्हाई का अजून?"
म्हटलं, पडून पडूनच पाठ घट्ट झाली. तुमी च्या प्या.
लिहूनच ठेवते एकदा. पहिल्या खेपेला उभी राहिले तेव्हा नऊ मतं. गाव हसलं. नऊ तर नऊ, ती नऊ माणसं मला अजून ठाऊक आहेत. दुसऱ्या खेपेला अर्जच बाद. नवऱ्याचं नाव लिहायचा रकाना होता, तिथं कसं लिहिणार मी ह्यांचं नाव? मोकळा सोडला. कारकून म्हणाला रकाना मोकळा, अर्ज बाद. तिसऱ्या खेपेला लिहिलं. ठसठशीत लिहिलं. सासूबाई आठ दिवस बोलल्या नाहीत, आणि दोन मतांनी पडले. चौथ्यांदा पंच झाले.
चारदा उभी, एकदा आले. आता सरपंच.

ता. १० एप्रिल
विहिरीचं पक्कं. सरकारातून गावाला एकच विहीर मिळाली. जागा सरपंचानं दाखवायची. बापूराव म्हणतो खालच्या आळीला, म्हणजे त्याच्या खळ्याच्या कडेला. खालच्या आळीला नदी पायाशी आहे. वरच्या आळीच्या बायका चैत्रात दोन टेकाडं उतरतात, भरल्या हंड्यानं चढतात. ज्ञानूची सून परवा घसरली, गुडघा फुटला.
विहीर वरच होणार. त्यासाठीच तर हे सगळं. नुसती खुर्ची काय चाटायची?

ता. १२ एप्रिल
राग मावत नाही. तरी लिहिते.
पौडहून, तालुक्याच्या कचेरीतून, कारकून आला होता. गडी जाजमावर, आम्ही दोघी दाराच्या अंगाला. कारकुनानं विचारलं, बापूरावांच्या बाजूनं कोण, हात वर. तीन हात वर. तेवढ्यात बापूरावानं मान वळवून सखूकडं बघितलं. थोरला दीर बघतोय म्हटल्यावर सखूनं काय करावं? हात उचलला आणि पदर कपाळावर ओढला. रोज दहादा ओढते तसा.
कारकून म्हणाला, "चार." आणि लिहिलं.
मी उठलेच. "अवो, ती पदर सावरती हाय."
"बाई, हात वर म्हंजे हात वर."
"तिलाच विचारा की मग."
सगळे सखूकडं बघाय लागले. सखूची मान खाली. लगीन होऊन आल्यापासून दिरापुढं एक शब्द बोललेली नाही ती, भर चावडीत काय बोलणार? बापूराव मिशीत हसत म्हणाला, "आक्का, घरची बाई घरच्याला मत दील, न्हाई तर काय शेजाऱ्याला?"
मग माझ्या बाजूचे हात. तीन. तेव्हा सखूचे दोन्ही हात मांडीवर.
चौथ्यांदा पडले म्हणायचं. पण मी म्हणत नाही.

ता. १३ एप्रिल
पहाटे निघाले पौडला, हुसेनभाईंना घेऊन. अर्ज त्यांनी लिहिला, सही मी केली. मामलेदार तरणा आहे, शहरातला. अर्ज दोनदा वाचला.
"त्या बाईंनी स्वतः तक्रार केली का?"
"साहेब, ती दिरापुढं बोलत न्हाई."
"इथं दीर कुठं आहे?"
"तुमी उद्या तिला हितं बोलवाल, ती परवा त्याच घरात भाकऱ्या थापंल. तिला बोलवू नका. हात न दिसंल असं मत घ्या."
पेन टेबलावर आपटत बसला. मग म्हणाला, २४ ला फेरमतदान. गुप्त.
हुसेनभाई परत येताना वाटेत म्हणाले, "आक्का, गुप्त झालं म्हंजे आपलंच झालं असं न्हाई. सखूनं खरंच त्याला दिलं असंल तर?"
म्हटलं, तुमी दुकानात माप मारता तेव्हा मी शंका घेते का?
म्हणाले, "घेता की."

ता. २० एप्रिल
पंचांतल्या दोघांना लिहिता येत नाही, तर गुप्त कसं करायचं असा प्रश्न निघाला. ज्ञानूनं तोडगा काढला. सुगड ठेवायचं, वर फडकं. बापूरावाला मत म्हणजे भाताचा दाणा, मला म्हणजे नाचणीचा. मुठीत काय आहे कुणाला दिसणार? पौडहून मंजुरी आली.
बापूराव पारावर म्हणाला, भात थोरामोठ्याच्या पानात, नाचणी गरिबाच्या. मला कुणीतरी येऊन सांगितलं. म्हटलं, सांग त्याला, गावात पानं कुणाची जास्ती हायेत ते मोज म्हणावं.

ता. २४ एप्रिल
सुगड पालथं केलं. नाचणी चार. भात तीन.
सरपंच झाले.
कारकुनानं सही मागितली, केली. बापूरावानं नारळ दिला, चांगल्या मनानं दिला असं म्हणायला हरकत नाही. घरी आले तर हे दारात उभे. म्हणाले, "बरं झालं." एवढंच. संध्याकाळी मात्र आख्ख्या आळीला गूळ वाटत फिरले.

ता. २६ एप्रिल
धोंडिबा आला होता. बापूरावाच्या तिघांतला. इकडं तिकडं बघून हळूच म्हणतो, "आक्का, त्या दिवशी माझी नाचणी होती. ध्यानात ठेवा."
म्हटलं, ठेवते. गेला.
हुसेनभाईंना सांगितलं. ते बोटं मोजत बसले. तुमी, मी, ज्ञानू, आणि धोंडिबा, झाल्या चार. म्हणजे सखूचा भात. न्हाई तर धोंडिबा थापा मारतोय आणि चौथी नाचणी सखूचीच.
धोंडिबा थापाड्या आहे हे गावाला ठाऊक. पण थापाड्याही कधीमधी खरं बोलतो.
सरपंच तर झालेय. मग हे का टोचावं?

ता. २९ एप्रिल
उद्या ओव्हरसियर येणार, विहिरीच्या जागेला खुंटी मारायला.
नदीवर सखू भेटली. दोघीच होतो. बापूराव तिला काही बोलला का विचारलं. म्हणाली, बोलत न्हाईत, बगत्यात नुसते. जेवायला बसले की ताटाकडं न्हाई, माझ्याकडं बगत्यात.
"विहीर ठरली का?"
"उद्या. वरच्या आळीला."
"व्हय. त्यांनाच पायजे." हंडा घासत बसली. मग म्हणाली, "आमच्या खळ्याकडंला झाली असती तर मला हितं यावं लागलं न्हसतं. पाठ धरती माझी आताशा."
हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. चार हिशेब केले, दहा माणसं बघितली, पण सखूच्या दारातलं पाणी जाणार हे काही सुचलं नाही.
मला राहवतं का? विचारलंच. "सखे, खरं सांग, भात टाकलास का नाचणी?"
तिनं हंडा डोईवर घेतला. "आक्का, दोन्हीकडचं माणूस मलाच इच्यारतंय. मी काय टाकलं ते माझ्यापाशी ऱ्हाऊ द्या की. आजवर माझं म्हणून काय होतं?"
गेली. नदीकाठच्या चढावर तिला दोनदा थांबताना बघितलं.
विहीर वरच्या आळीलाच. त्यात बदल नाही. ओव्हरसियरला एवढंच विचारणार आहे की वरच्या आळीच्या खालच्या टोकाला, सखूच्या घराला जवळ पडेल अशा जागी, पाणी लागतं का.