वन्संना दाखवायला नेलं

४ नोव्हेंबर, मंगळवार
तुळशीचं लग्न लागलं. ऊस महाग, दोनच घेतले. मागच्या बाजूला भिंत आहेच. अंतरपाट दरवर्षीसारखा वन्संनी धरला, या वेळी एक हात वॉकरवर ठेवून. मंगलाष्टकं सगळी तोंडपाठ. स्वतःचं नाही झालं, तुळशीची मात्र किती लावली.
या अंगणात हे शेवटचं. डिसेंबरअखेर हे रिटायर, मग क्वार्टर खाली करायचं. कोलार रोडचा फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. स्वस्त पडला म्हणून घेतला होता. वन्सं तेव्हा टेकडीवरच्या देवीला पायी जात. आषाढात न्हाणीत पडल्या, खुबा मोडला, तेव्हापासून एक पायरी चढवायला दोघं लागतात. तिसरा मजला कसा? इथवर विषय आला की हे ताटावरून उठतात.
वृंदावन कारखान्याच्या जमिनीत पक्कं आहे. तुळस तेवढी कुंडीत काढायची.

७ नोव्हेंबर, शुक्रवार
निखिलचा पुण्याहून फोन. "आई, कोलारच्या पुढं एक जागा आहे. वृद्धाश्रम नाही गं, सीनियर लिव्हिंग. आत्याला कंपनी मिळेल. तू अजून किती ओढणार?" 'ओढणार' कानाला बोचलं. गुडघ्यांना पटलं.
यांना सांगितलं. म्हणाले, "ताई मला बोट धरून शाळेत सोडायची. मी तिला कुठं सोडून येऊ?" आणि स्कूटर पुसायला गेले. पुसलेलीच होती.
माझं लग्न झालं तेव्हापासून वन्सं घरात. टाऊनशिपच्या प्रायमरीत बाई होत्या. पाहुण्यांसमोर मला विचारायच्या, "शालिनी, मॅट्रिकला गणितात किती होते गं तुला?" सगळं विसरले, हे नाही विसरले. आता त्यांची औषधं, दूध, डायपर सगळं माझ्याच हिशेबात. एकदाही चुकलेला नाही.

१० नोव्हेंबर, सोमवार, संकष्टी
आधी कमी खर्चाचं बघावं म्हणून एकटीच बसनं तुळशीनगरकडे गेले. ट्रस्टचा आश्रम. जागा स्वच्छ, फिनेलचा वास. व्हरांड्यात बायका ओळीनं बसलेल्या, सगळ्यांची तोंडं फाटकाकडे. फाटक वाजलं तशा सगळ्या माना वर आल्या आणि मला बघून खाली गेल्या. एकीनं विचारलं, "किसे छोड़ने आई हो, बेटी?" म्हटलं, ऐसे ही, देखने. "सब देखने ही आते हैं पहले."
पाणीसुद्धा प्यायले नाही. उपास होता असं समजू.

१२ नोव्हेंबर, बुध.
वन्संना कुणी सांगायचं यावर आमचं दोघांचं चाललेलं. त्यांना माहीतच होतं. निखिलनं पाठवलेला रंगीत कागद त्यांनी पोथीत खुणेला घातलेला.
म्हणाल्या, "कधी नेताय दाखवायला?"
"जागा दाखवायला ना, वन्सं?"
"जागा मला की मी जागेला, ते तिथं गेल्यावर कळेल. साडी कुठली नेसू तेवढं सांग."
हसावं की काय, कळेना. यांनी पेपर डोळ्यांपुढे धरला.

१६ नोव्हेंबर, रविवार
जाऊन आलो. थकवा आहे, पण लिहून ठेवते.
वन्संनी मोरपिशी नेसली. जाता-येता रिक्षा ठरवली, घासाघीस केली नाही. जागा देखणी. बाग, लिफ्ट, छोटं देऊळ. मॅनेजर सक्सेना मॅडम, चाळिशीच्या, गोड बोलणाऱ्या. वरच्या मजल्यावर आपलं आपण करणाऱ्यांच्या खोल्या, आया फक्त हाकेला. खाली ज्यांना सतत आया लागतात ते. खालचं सगळं भरलेलं आहे म्हणाल्या.
हे ऐकलं आणि काय झालं माहीत नाही, मी वन्संच्या डाव्या बाजूला खुर्ची ओढून बसले. त्या कानानं त्यांना लहानपणापासून ऐकू येत नाही. तिकडून आलेला प्रत्येक प्रश्न मीच झेलला. भूक? चांगली. झोप? एकदम शांत. स्मरण? "सब श्लोक याद हैं जी." खोटं नव्हतं ते. नहाना-धोना? "सब अपना खुद करती हैं." हे यांच्याकडे न बघता बोलले.
मॅडम म्हणाल्या, "अम्माजी, ज़रा चलकर दिखाइए." वन्सं वॉकर धरून उठल्या. भिंतीपर्यंत गेल्या, वळल्या, परत आल्या. पाठ ताठ. बसताना मला मराठीत म्हणाल्या, "आता गाणं म्हणायला सांगतील. पोहे तू केलेस म्हणून सांगू की मी?"
मॅडमनी हसून विचारलं, क्या कह रही हैं? मी म्हटलं, जागा आवडली म्हणतायत.
खोलीत निरांजन लावायला मनाई. आगीचं भय. सेलवरचा दिवा चालतो. वन्सं म्हणाल्या, "मग देवही सेलवरचाच आणावा लागेल." हे मॅडमना सांगितलं नाही.
घरी येऊन मोरपिशी नीट घडी करून ठेवली त्यांनी, माझ्या हातात दिली नाही.

१७ नोव्हें.
जे तिथं सांगितलं नाही ते इथं तरी लिहावं. दूध गॅसवर ठेवून विसरतात, दोन पातेली गेली. दिवेलागणीला मला 'आई' म्हणतात, सकाळी पुन्हा शालिनी. गादीवर रबर घालावं लागतं. हे सगळं ऐकल्यावर वर कोण घेईल? आणि खाली जागा नाही. मग तिसरा मजला.
देवा, मी त्यांच्यासाठीच केलं. माझ्यासाठीही केलं. किती कुणासाठी, ते तू बघ.

१९ नोव्हेंबर, बुधवार
मॅडमचा फोन. पसंत. वरच्या मजल्यावर बागेकडची खोली. रात्री दार आतून लावून घ्यायचं, लागलं तर घंटी. पंधरा तारखेपर्यंत आणा म्हणाल्या.
देवापुढे साखर ठेवली. हे घरी आले, त्यांना सांगितलं. "बरं झालं," म्हणाले आणि डोळे पुसले. बरं झालं तर पुसायचे कशाला?
वन्सं पोथी वाचत होत्या. "होकार आला?"
"हो."
"त्यांना काय काय सांगितलंस, शालिनी?"
म्हटलं, सगळं.
"डाव्या बाजूला बसून?"
मग त्यांनी सांगितलं, इतक्या वर्षांत पहिल्यांदा. उज्जैनला त्यांना बघायला आले होते, इंदूरचे लोक. आईनं त्यांना डावा कान भिंतीकडे करून बसवलं आणि स्वतः मध्ये बसली. पसंती झाली, साखरपुडा झाला. मग एकदा मुलगा डावीकडून काही बोलला. वन्संनी मान वळवली नाही. तो पुन्हा बोलला. आठवड्यात नारळ परत आला.
"कानाचं खरं सांगितलं असतं तर कदाचित त्यांनी घेतलीही असती मला. नसतीही. पण ते मोडलं कानामुळे नाही. लपवल्यामुळे. वडिलांनी मग कुणाला बोलावलंच नाही."
एवढं बोलून पोथीत तोंड घातलं. पोळ्या लाटायला घेतल्या. आज सगळ्या वाकड्या.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार
फुलके करत होते. बाहेरून वन्संचा आवाज, शाळेतला, खणखणीत. धावत गेले तर मोबाईल उजव्या कानाला.
"मैं वही मोरपंखी साड़ी वाली. मेरी भाभी ने जो बताया वो आधा है. बाकी आधा लिख लीजिए."
आणि एकेक सांगितलं. गॅस. दिवेलागण. रबर. रबर सांगताना आवाज जरासुद्धा खाली आला नाही. मग आपणच प्रश्न घातले. वेणी कोण घालतं? भाजीत तेल कुठलं? चतुर्थीला वरी मिळते का? कोई मराठी समझता है? शेवटी, "डाँटिए मत उसे, बेचारी थकी हुई है."
'उसे' म्हणजे मला.
मॅडम म्हणाल्या म्हणे, वर तर आता नाही ठेवता येणार, खाली एक जागा होईल असं वाटतंय, विचारून कळवते.
मी भडकले. "वन्सं, हातातलं घालवलंत! आता कुठं न्यायचं तुम्हाला? पाठीवर घेऊन चढू?"
"नाही कळवलं तर नाही. नकार ऐकायची मला सवय आहे गं. तुला नाही."
तव्यावरचा फुलका जळाला. वन्संनी तोच मागून घेतला.

२६ नोव्हेंबर, बुध.
कळवलेलं नाही. वाण्याकडून खोकी आणली, फुकट. डबे भरायला घेतले. हे जाऊन जिन्याची रुंदी मोजून आले. खुर्चीत बसवून चौघांनी उचललं तर वळणावर अडतं. आणि एकदा चढवल्या की उतरणार कधी? देवीला नाही, डॉक्टरला नाही, कट्ट्यावर नाही. हे म्हणाले, "वर आणलं तरी कोंडून ठेवल्यासारखंच." मग आपलंच बोलणं खोडलं, "पण आपल्यात तरी असेल."
निखिल म्हणतो, दुसरं शोध. लिस्ट पाठवली आहे. उघडली नाही.

२ डिसेंबर, मंगळवार
दिवेलागणीला वन्सं मोरपिशी नेसून बाहेरच्या खोलीत बसलेल्या, केस विंचरून. मला म्हणाल्या, "आई, त्यांचा काही निरोप?"
पूर्वी मी दुरुस्त करायची. आज म्हटलं, "नाही अजून, बाळ."
"आपण विचारू नये. मुलीकडच्यांनी घाई दाखवली की किंमत जाते."
"नाही विचारणार."
"मी सांगितलंय त्यांना सगळं. कानाचं पण." आणि छान हसल्या. असं हसताना मी त्यांना कधी पाहिलं नाही. शेजारी बसले, उजव्या बाजूला.

६ डिसेंबर, शनिवार, दत्तजयंती
निम्मं घर खोक्यात. देव शेवटी भरायचे. तुळस कुंडीत काढली, मान टाकली होती, आज जरा वर आहे.
सकाळी यांनी विचारलं, आपणच फोन करू का? मी म्हटलं, आज नको. का, ते त्यांनी विचारलं नाही.
सुंठवडा केला. देवापुढे नारळ ठेवला. काय होऊ दे म्हणून ठेवला, तेच ठरेना. खाली जागा झाली म्हणून कळू दे? की कळूच नये? नुसतेच हात जोडले. त्याचं त्याला ठाऊक.
संध्याकाळी आरती. वन्सं खुर्चीत, टाळ्या वाजवत, एकही कडवं न चुकता. मोबाईल त्यांच्या डाव्या हाताच्या स्टुलावर होता. मधेच वाजायला लागला. दिव्याच्या उजेडात नाव दिसलं, सक्सेना मॅडम. यांनी माझ्याकडे पाहिलं. आरती मध्ये सोडता येत नाही.
वन्संना ऐकू आला नसावा. मला आला. मी टाळ्या जरा मोठ्यानं वाजवल्या.