रस्ता मोकळा होता

गुरुजी,

टक्. टक्. टक्. आणि मग शांतता. टेबलावर आपटणाऱ्या तुमच्या लाकडी पट्टीचा तो आवाज पन्नास वर्षं झाली तरी कानातून जात नाही. सेनगावची ती पत्र्याची शाळा, चौथीचा वर्ग, तुम्ही कविता चालीवर म्हणून घेताय आणि पट्टीनं ठेका धरताय. ओळ संपली की पट्टी हवेत थांबायची. आम्ही पोरं पुढच्या ओळीवर उडी मारायला टपलेली. तुम्ही डोळे वटारून म्हणायचात, "थांबा रे! कुणी माघं लागलंय काय तुमच्या? ओळीच्या शेवटी दम घ्यायचा. ज्याला थांबता येत न्हाई, त्याला कविता येत न्हाई." मला थांबता यायचं. म्हणून तुम्ही मला पाखरांची कविता साऱ्या शाळेसमोर म्हणायला लावलीत आणि तुमच्या खिशातलं शाईचं पेन काढून माझ्या हातावर ठेवलंत. त्या दिवशी मी घरी चालत गेलो नाही, तरंगत गेलो.

पुढं मी एसटीत ड्रायव्हर झालो, तेव्हा तुम्हाला पेढे द्यायला आलो होतो. पेढा हातात धरून तुम्ही म्हणालात, "गळा वाया घालवलास रे." मी पाया पडून निघालो. आज बोलतो. वाया नाही घालवला, गुरुजी. तीस वर्षं मी लाल गाडी चालवली ती तुमच्या कवितेवर. पुढची जीप एखाद्या बाभळीपाशी पोचली की मी मनात ओळ सुरू करायचो. ओळ पुरी व्हायच्या आत माझी गाडी त्या बाभळीपाशी पोचली, तर मी जीपच्या फार जवळ आहे, ॲक्सिलरेटरवरून पाय काढायचा. रस्ता ओला असला की दोन ओळी. आणि कुणाला ओलांडून जायचं, तर आख्खं कडवं मावेल एवढा रस्ता पुढं उघडा दिसला पाहिजे. दिसला नाही तर मागं राहायचं. हे मला कुठल्या साहेबानं शिकवलं नाही.

आता त्या दिवसाकडं येतो. तुम्ही विसरला नसाल, मीही विसरलो नाही. हळद बाजारात यायचे दिवस. सेनगावहून हिंगोलीला जाणारी सकाळची गाडी माझ्याकडं होती. गाडी हलणार तेवढ्यात तुम्ही धोतराचा सोगा हातात धरून धावत आलात. हिंगोलीच्या दवाखान्यात आक्कांचं, तुमच्या थोरल्या बहिणीचं, काही खरं नव्हतं. आई लहानपणी गेलेली, तुम्हाला वाढवलं ते आक्कांनी, हे गावातल्या लेकरालाही ठाऊक. तुम्ही माझ्या पाठीमागच्याच बाकावर बसलात आणि जाळीतून म्हणालात, "लेका, आज जरा दाब." मी मान हलवली. दाबलीही, जिथं दाबता येत होती तिथं.

अर्ध्या वाटेत हळदीची पोती लादलेला ट्रॅक्टर लागला. मागं दोन ट्रॉल्या, पोती बसच्या टपाएवढी उंच. एकेरी डांबर, दोन्ही बाजूंची साइडपट्टी खचलेली, आणि पुढं वळणामागून वळण.

"घे की बाजूनं!"

"गुरुजी, वळण हाय. पुढचं दिसून न्हाई राहिलं."

"मला दिसून राहिलं ना! रस्ता मोकळा हाय!" तुम्ही खिडकीतून कमरेपर्यंत बाहेर निघाला होतात.

काखेत कोकरू धरून बसलेला एक धनगरबुवा म्हणाला, "मास्तर, मुंडकं आत घ्या वो. फांदी लागली तं आक्कांच्या शेजारची खाट तुमालाच लागंल."

माणसं हसली. त्यांना हसायला नको होतं. कंडक्टरनं भर घातली, "बसा गुरुजी. त्याच्या कानात कापूस हाय. घंटी वाजवून माझा हात दुखला, पन ह्यो गडी पळत न्हाई."

मग तुम्ही जाळी दोन्ही हातांनी धरलीत आणि भरल्या गाडीत ओरडलात, "शाळेत तर मंद नव्हतास रे! हे कुठून शिकून आलास?"

तुमच्याकडून, गुरुजी. तुमच्याकडूनच. हेच सांगायला आज लिहितो.

हिंगोलीच्या वेशीपर्यंत मी त्या ट्रॅक्टरच्या मागं होतो. दवाखान्यात तुम्ही पोचलात तेव्हा आक्कांना जाऊन पाव तास झाला होता. तेराव्याला, पारावर, शाळेच्या ओट्यावर, जिथं माणूस भेटेल तिथं तुम्ही एकच वाक्य सांगत राहिलात: रस्ता मोकळा होता. मी तुमच्या घरी भेटायला आलो. स्वयंपाकघरात काकू तूर निवडत होत्या, त्यांनी पाट पुढं सरकवला. तुम्ही आतल्या खोलीतून बाहेर आला नाहीत, पण मला ऐकू जाईल असं म्हणालात, "त्याला म्हणावं, आत्ताच निघ. तू हळू जाणारा माणूस, घरी पोचायला उशीर होईल." काकूंनी सुपातून मान वर केली नाही. मी उठलो. त्यानंतर तुम्ही माझ्याशी बोलला नाहीत, अन् दोन वर्षांनी देवाघरी गेलात.

आता माझं ऐका. रस्ता मोकळा होता, खरं आहे. त्या वळणांवर समोरून काहीही आलं नाही. पण ते आपल्याला कळलं वळण पार केल्यावर. आधी तुम्हाला दिसत नव्हतं, मलाही दिसत नव्हतं. गाडीत साठ माणसं होती आणि त्या प्रत्येकाची कुठं ना कुठं कुणीतरी वाट बघत होतं. जो अपघात झालाच नाही, त्याचा पुरावा मी कुठून आणू? मोडलेली गाडी दाखवता येते, न मोडलेली कुणाला दाखवायची? साठ माणसं आपापल्या घरी गेली, भाकरी खाल्ली, विसरली. ड्रायव्हरचं चांगलं काम असंच असतं, कुणाच्या ध्यानात राहत नाही. ध्यानात राहतो तो उशीर. आज पुन्हा तीच गाडी, तोच ट्रॅक्टर आणि जाळीमागं तुम्ही असलात, तरी मी मागंच राहीन. मला माफी मागायची नाही.

रिटायर झाल्यावर हिंगोलीत गाडी शिकवायचा वर्ग काढला. एक जुनी गाडी, माझ्या पायाशी जादा ब्रेक. लोक येतात ते म्हणत येतात, आठ दिवसांत लायसन पाहिजे. मी आधी त्यांना माझ्या शेजारी बसवून कविता म्हणायला लावतो. परवा एक सोयाबीनचा व्यापारी वैतागला, "काका, गाडी शिकायला आलो, गॅदरिंगला न्हाई. कविता काहून म्हनू?" म्हटलं, म्हणा. चौथ्या दिवशी पुढच्या जीपमागं तो आपण होऊन पाय काढायला लागला, ओठ हलत होते. मिशीवाला माणूस पाखरांची कविता पुटपुटतोय, गुरुजी! मला वाटलं, शाळा सुटलीच नाही अजून.

एक गोष्ट मात्र कबूल करतो, आणि हे पत्र कुठल्या पेटीत पडायचं नाही म्हणूनच करतो. शेवटच्या वळणानंतर, नाल्याच्या पुलापुढं, एक सरळ पट्टा लागला होता. कडवं मावेल एवढा. समोर चिटपाखरू नव्हतं. तिथं मी जाऊ शकलो असतो. गेलो नाही. तुम्ही ओरडलात तसे माझे हात कापायला लागले होते, आणि कापऱ्या हातानं ओलांडू नये, असं मी पोरांना आज शिकवतो. पण ते हात भीतीनं कापत होते की तुमच्यावरच्या रागानं, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

थांबा, कडी वाजतेय.

तिशीतली बाई आहे. पदर खोचलेला, हातात लर्निंगचा कागद. म्हणाली, "काका, मी गुरुजींची धाकटी सून. तांड्यावरच्या शाळेत बदली झाली माझी, एसटीची वेळ जमत न्हाई. गाडी शिकवता का?"

मी विचारलं, घरी माहीत आहे का?

"न्हाई. घरचे म्हणतात, त्या मानसाकडं जाऊ नको, लई हळू चालवतो तो." कागद माझ्यापुढं धरून ती म्हणाली, "म्हनूनच आले. घरी दोन लेकरं हायेत माझी."

तिला खुर्ची दिली आहे, गुरुजी. पुलाजवळचं मी तिला सांगणार नाही. निदान आज नाही. हे पत्र पालथं घालतो.