पायऱ्या नसलेलं टाकं

स्लाऊ, ९ जून २०२४

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र मिळालं. अक्षर एवढं मोठं की पानावर सातच ओळी मावल्या होत्या. आधी मी हसले, मग पुढचं वाचलं. साताऱ्याच्या डॉक्टरांनी नजरेचा मधला भाग जातोय असं सांगितलं, दिवाळीनंतर माणसांचे चेहरे ओळखू येतील याची खात्री नाही म्हणाले, हे तू हवापाण्याची बातमी द्यावी तसं लिहिलंस! फोनवर माझ्या तोंडाच्या जागी करडा डाग दिसतो म्हणतोस. आणि शेवटी एकच मागणं, दिवाळीच्या आत ये, तुला एकदा जवळून नीट बघून घेऊ दे.

येते रे दादा. भाऊबीजेच्या आठ दिवस आधीच येते. आईच्या वर्षश्राद्धाला आले होते, त्याला दहा वर्षं झाली. मग तुझ्या मेव्हण्याचं, अवधूतचं आजारपण, मग कोविड, मग तो गेला आणि मी इथे विलायतेत एकटीच घरात फिरत राहिले. कारणं सगळी खरी आहेत, पण दहा वर्षं ती दहाच.

आता माझंही एक काम. मी आठवड्यातून तीन दिवस सोमाली बायकांच्या संस्थेत जाते ते तुला ठाऊक आहे. चर्चमागचा कौन्सिलचा, म्हणजे इथल्या नगरपालिकेचा, एक हॉल, एक किटली आणि होदान नावाची निवृत्त नर्स, एवढीच ती संस्था. नव्याने आलेल्या कुटुंबांना डॉक्टर, शाळा, घर यांचे फॉर्म भरून देतो. शिवाय दर वर्षी होदानच्या गावाकडे एखादं काम काढतो. गाव तिकडे सोमाली मुलखात, बुरओ शहराच्या पुढे, माळरानावर. तिथे नदी नाही, विहिरीला पाणी लागत नाही. पावसाचं पाणी जमिनीतल्या टाक्यात साठवायचं आणि वर्षभर पुरवायचं. जुनं टाकं गाळाने भरलंय, नवं ऑक्टोबरच्या पावसाआधी व्हायला हवं. तू लघु पाटबंधारे खात्यात तीस वर्षं माण तालुक्यात काढलीस. आम्हाला नकाशा काढून देशील? डोळ्यांना ताण होणार असेल तर मात्र मुळीच नको.

लोभ आहेच, तो या उन्हाळ्यात आटू देऊ नकोस.

तुझी
नीना


म्हसवड, २ जुलै २०२४

चि. नीनास अनेक उत्तम आशीर्वाद.

डोळ्यांना ताण होईल म्हणून नको, असं लिहिणारी तू पहिलीच. इथे सगळे मला न विचारताच खुर्चीत बसवून ठेवतात. नकाशा सोबत आहे. भिंग घेऊन काढला. पट्टी अक्षयाने धरली. माझी नात असूनही तिला काटकोन कळत नाही, हा शोध त्यानिमित्ताने लागला.

पाच मीटर खोल, दगडी भिंत, गाळ अडवायला तोंडाशी एक लहान खड्डा. आत उतरायला सोळा पायऱ्या, आपल्याकडच्या बारवेला असतात तशा. गाळ काढायला माणूस खाली उतरू शकला नाही तर पाच वर्षांत टाकं बुजेल. तुमच्या होदानबाईंना सांग, माझ्या हातचं हे बहुधा शेवटचं काम, म्हणून पायऱ्या जरा हौसेने काढल्यात.

तिकीट काढलंस का ते कळव. तुझे ते चॉकलेटचे डबे आणू नकोस, इथे म्हसवडलाही मिळतात. नुसती ये. ओसरीवर उजेड चांगला असतो, सकाळी नऊनंतर. तिथे तुला बसवणार आहे.

आशीर्वादाला तोटा नाही, पत्रांना होऊ देऊ नकोस.

तुझा
दादा


स्लाऊ, २९ सप्टेंबर २०२४

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

हे पत्र तीनदा फाडलं. आता जसं येईल तसं लिहिते.

होदान ऑगस्टमध्ये गावी गेली. खोदाई झाली, पायऱ्यांचा उतार दिसायला लागला आणि गावातल्या म्हाताऱ्या बायका येऊन खड्ड्याच्या काठावर बसल्या. उठायलाच तयार नाहीत. काम बंद. त्यांच्यातली थोरली हलीमो. तिने तुझ्यासाठी निरोप बोलून पाठवलाय. त्यांच्यात ही जुनी रीत आहे. लिहिता येत नसे म्हणून आख्खी पत्रं कॅसेटवर बोलून परदेशी पाठवत, आता फोनवर बोलतात. हलीमोने विचारलंय, की पिण्याच्या पाण्यात पाय घालायला या माणसाला कोणी शिकवलं. पायऱ्या केल्या की आधी शेळ्या उतरतील, शेळ्यांमागे पोरं, आणि एखादं पोर वर येणार नाही. पाण्याने माणसाकडे वर यायचं, माणसाने खाली जायचं नाही. गाळ काढायच्या दिवशी ते दोराची शिडी सोडतात, मग काढून घेतात.

चूक तुझ्या एकट्याची नाही. नकाशा मी इथल्या बायकांना दाखवलाच नाही, सरळ होदानबरोबर पुढे धाडला. होदानने एकदा विचारलं होतं, या पायऱ्या कोणासाठी. माझ्या भावाने चाळीस तलाव बांधलेत, असं सांगून मी तिला गप्प केलं. केवढा तो तोरा!

आता पायऱ्यांची बाजू भरून भिंत नव्याने उचलायची आहे. पाऊस तोंडावर आलाय. होदान डिसेंबरच्या आत परतू शकत नाही. इकडे हॉल आमच्याकडे ठेवायचा की नाही ते कौन्सिल सात नोव्हेंबरला ठरवणार आहे आणि ते सगळे कागद मी केलेत. मी निघाले तर दाराला कुलूप लागेल. अठ्ठावीस कुटुंबं येतात रे तिथे.

भाऊबीजेला येणं जमत नाही. पण तू ये म्हणालास, तर मी सगळं टाकून येईन. हे वरवरचं लिहीत नाही. तूच सांग.

रागावलास तरी लोभ कमी करू नकोस.

तुझी
नीना


म्हसवड, १४ ऑक्टोबर २०२४

चि. नीनास अनेक उत्तम आशीर्वाद.

आधी संताप आला. सबंध दिवस जेवलो नाही. चाळीस तलाव बांधलेल्या माणसाला कोण कुठली बाई शिकवते! दुसऱ्या दिवशी आठवलं, आपल्या बारवेत सुमनकाकू घागरीसकट घसरली होती, वर्षभर लंगडत होती. माझ्या तीस वर्षांत पाण्याच्या कामावर मी एकाही बाईला विचारलं नव्हतं. त्या हलीमोबाईंना माझा नमस्कार कळव. शिडीची कल्पना स्वस्त आणि उत्तम आहे.

तू थांब. माझ्या पायऱ्यांपायी त्या गावाचं एका पावसाचं पाणी वाया गेलं, तर मला ते सोसणार नाही. टाकं भरू दे, हॉलचं होऊ दे, मग ये.

वाईट वाटलं का? वाटलं. खोटं कशाला सांगू. ओसरीवरची जागा मी रोज बघून येतो. पण उशीर माझ्याच हाताने झालाय, तो तुझ्या माथी मारणार नाही.

आशीर्वाद तिथवर पोचतात असं धरून चालतो.

तुझा
दादा


स्लाऊ, २४ नोव्हेंबर २०२४

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

टाकं भरलं! पूर्ण नाही, दोन तृतीयांश. भिंत पुरी झाली आणि पाचव्या दिवशी पाऊस आला. होदानने फोटो पाठवलाय, तपकिरी पाणी आणि वर बाभळीच्या फांद्यांचं झाकण. हॉलही आणखी एका वर्षासाठी मिळाला. कौन्सिलच्या माणसासमोर मी वीस मिनिटं बोलले, तू असतास तर म्हणाला असतास, लहानपणी शाळेत तोंड उघडत नव्हतीस.

हलीमोने तुझ्या डोळ्यांसाठी दुआ केली. तिला कळलंय, की तू तुझ्या बहिणीला त्यांच्या गावासाठी थांबायला सांगितलंस.

होदान आठ डिसेंबरला येते. माझं तिकीट अकराचं. काल तिकीट हातात आल्यावर आरशासमोर उभी राहिले. केस पांढरे झालेत, गाल उतरलेत. तुला हे दिसणार म्हणून कलप लावावा का, असा विचार करत होते. इथे चार वाजता अंधार पडतो आणि त्या वेळी आपल्या ओसरीची इतकी आठवण येते की घरात दिवा लावावासा वाटत नाही.

ऑक्टोबरनंतर तुझं पत्र नाही. फोनवर अक्षया म्हणते आजोबा बरे आहेत, आणि विषय बदलते. मी सरळ विचारते, तूही सरळ सांग. तुला अजून दिसतं ना?

निघेपर्यंतचा लोभ पत्राने दे, पुढचा हातात घेते.

तुझी
नीना


म्हसवड, ५ डिसेंबर २०२४

चि. नीनास अनेक उत्तम आशीर्वाद.

हे मी सांगतोय आणि अक्षया लिहितेय. पोस्टाने पोचेपर्यंत तूच इथे असशील, म्हणून ती याचा फोटो काढून पाठवणार आहे.

सरळ विचारलंस, सरळ सांगतो. नाही दिसत. नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात एका सकाळी अक्षया चहा घेऊन आली आणि मी तिला विचारलं, कोण आहे. उजेड कळतो, दाराची चौकट कळते, कडेकडेचं थोडं दिसतं. चेहरा नाही. तुला आधी कळवलं असतं तर तू हॉल सोडून धावत आली असतीस, म्हणून घरात सगळ्यांची तोंडं मीच बंद केली होती. अक्षयावर रागावू नकोस.

कलप लावू नकोस. त्याचा उपयोग नाही, आणि डोक्याला खाज सुटते.

सगळे माझी समजूत घालतात, की तुमच्या मनात बहीण कायम एक्कावन्न वर्षांचीच राहील. दहा वर्षांपूर्वी म्हसवडच्या स्टँडवर, मोहरी रंगाच्या साडीत, एसटीच्या खिडकीतून हात हलवणारी. राहील, खरंच आहे. पण नीना, तुझं ते रूप मला पाठ होतं. त्यासाठी नव्हतो थांबलो. आई-नानांना म्हातारं होताना पाहिलं, तुझ्या वहिनीला पाहिलं, स्वतःला रोज आरशात पाहिलं. तुझं तेवढं राहिलं. मला तुझे पांढरे केस बघायचे होते.

ये. गाडीतून उतरलीस की लगेच बोलायला लाग.

तुझा
दादा