मुक्या सिनेमातला कुकर

शनि., १ नोव्हेंबर
इथल्या आमच्या मंडळाच्या महिन्याच्या मेलमधला माझा कोपरा, 'या महिन्याचा सिनेमा', आज लिहून टाकला. तिकडे सीमेवर लढाई पेटल्यापासून सगळ्यांच्या घरात टीव्ही नुसता ओरडतोय. कान किटले. म्हणून यावेळी मूकपट. जुनापुराणा नाही, यंदाच केलेला. ना शब्द, ना सूर. लढाईतल्या ब्लॅकआउटची रात्र, एक बाई आणि तिचं स्वयंपाकघर, बस्स. केलाय मेहविशने. लाहोरची, सध्या इकडेच, मॉन्ट्रियलला शिकते. तेही लिहिलं. नाव, गाव, सगळं. १५ तारखेला आमच्या वॉन गावातल्या हॉलमध्ये दाखवणार.
लोक चिडणार, माहीत होतं. पण पाठवला.

रवि., २
व्हॉट्सअॅप ग्रुप खवळला. "ताई, सैनिकांवरचा पिक्चर लावा." "दुसरं कोणी मिळालं नाही का?" नाव-गाव विचारून, जात हुडकून माणसाला दाराबाहेर ठेवणं म्हणजे काय, हे आता आमच्या लोकांना मी सांगायचं? आमच्या?
रश्मी म्हणाली, "आई, जस्ट स्किप धिस मंथ. नो वन विल नोटीस." मी नोटीस करीन म्हटलं. तिने डोळे फिरवले आणि इअरफोन घातले.

मंगळ., ४
गजभिये सर घरी आले. मंडळाचे अध्यक्ष. पण त्याच्या आधी, रश्मीच्या बाबांच्या आजारपणात, भर बर्फात मला रोज हॉस्पिटलला सोडणारे. बूट काढले, जॅकेट काढलं नाही. तेव्हाच मी समजले, बसायला आलेले नाहीत.
त्यांचा पुतण्या सुमेध सैन्यात आहे. ऐन सीमेवर. आठवडा झाला, त्याचा फोन नाही.
"ताई, सिनेमा दाखवा, मी नाही म्हणत नाही. फक्त त्या पोरीचं नाव काढून टाका. शेवटची नावाची पाटी पण कट करू. मुका पिक्चर आहे, कोणाले काय समजते?"
"मला समजतं ना, सर."
"तुम्ही असं काऊन करता? सुमेधचं तुम्हाला काहीच नाही?"
हे झोंबलं. सुमेधच्या लग्नात नाचले आहे मी. तरी म्हणाले, "मुक्या सिनेमाची शिफारस केली म्हणून मी पण तोंड शिवून बसू का?"
चहा तसाच ठेवून गेले. त्यांचा कप धुताना रडू आलं. सुमेधसाठी, सरांसाठी, थोडं स्वतःसाठीही. नाव काढणार नाही.

शुक्र., ७
कमिटीचा निरोप. हॉल बुक झालाय म्हणून शो होऊ द्या, मंडळाचं नाव लावू नका. १८ला मीटिंग: माझा कोपरा चालू ठेवायचा की बंद करायचा. म्हणजे बंदच. इतकी वर्षं लिहिला. सिनेमे बघत जा रे बाबांनो, म्हणून मागे लागले. असो.
पोस्टर स्वतःच केलं. मेहविशचं नाव आधी ठरवलं होतं त्याहून मोठं टाकलं. राग आलाय, तर येऊ दे.

शनि., १५
निम्म्या खुर्च्या रिकाम्या. सर आले! सोबत वहिनी, त्या पुढे बसल्या. सर दाराजवळ भिंतीला टेकून, हाताची घडी, जॅकेट अंगात. जाहीर निषेधच तो.
आधीच सांगितलं होतं तरी एकजण, "साउंड चेक करा हो." हशा. मग शांत.
बाई खिडक्यांना काळा कागद लावते. कुकर चढवते. फोन उजळतो. कोणाचा ते दिसत नाही. ती तो घेऊन घाईने जिन्यात जाते आणि पडद्यावर उरतो नुसता कुकर. शिटी उचलते, वाफ, खाली बसते. पुन्हा उचलते. आवाज काहीच नाही. पण वहिनींचा अंगठा आपोआप बोटांच्या पेरांवर फिरायला लागला. शेजारचीचाही. माझाही! तीन झाल्या, चार झाल्या, बाईचा पत्ता नाही. हॉलमध्ये चुळबुळ. आणि मागून खणखणीत आवाज:
"अवो बाई, गॅस बंद कर ना! वरण जळते!"
गजभिये सर.
सगळे वळून बघायला लागले तसे दार ढकलून बाहेर. संपेपर्यंत पार्किंगमध्ये गाडीत बसून होते म्हणे. वहिनी शेवटपर्यंत हलल्या नाहीत. जाताना माझा हात दाबला.
मेहविशचं नाव पडद्यावर आलं. कोणी उठून गेलं नाही. टाळ्याही दोघा-तिघांच्याच. चालेल.

सोम., १७
सरांचा फोन.
"उद्या मीटिंगमध्ये मी तुमच्या विरोधातच बोलणार, ताई. आधीच सांगून ठेवतो."
"बोला. मी पण बोलणार आहे."
सुमेधचं विचारलं. अजून काहीच नाही. आता फोन ठेवतील असं वाटलं, तर म्हणाले,
"ती बाई... तो फोन कोणाचा होता वो? आली का ती जिन्यातून वापस?"
शेवट मला ठाऊक आहे, सांगता आला असता.
"लिंक पाठवते. तुम्हीच बघा, सर."
ठेवला त्यांनी.
डिसेंबरचा कोपरा लिहून झालाय. दुसरा मूकपट. उद्या पर्समध्ये घेऊन जाणार. छापोत, न छापोत, मी तिथे वाचून दाखवणार.
सरांना लिंक पाठवली. वर मेहविशचं नाव, गाव, सगळं लिहून.