बिघडलेली फेरी

प्रिय धाकट्या,

त्या सकाळी मी तुझ्या दादाच्या शर्टाला बटण लावत होते, आणि त्याला धीर नव्हता म्हणून तो शर्ट अंगात घालूनच माझ्यासमोर उभा होता. सुई टोचली तर बोंब मारायची नाही, असं मी बजावलं, तर म्हणाला, आटप गं, धाकट्यानं बोलावलंय. कपडे बादलीत भिजत पडले, ओटा पुसायचा राहिला, आणि आम्ही दोघं तू आखलेल्या नव्या भुयारी स्टेशनात पोचलो. ते अजून उघडायचं होतं. आग लागली, धूर झाला, तर लोक किती वेळात वर येतात याचा सराव घ्यायचा होता आणि तुला माणसं कमी पडत होती. शेजारीपाजारीसुद्धा तू गोळा केले होतेस.

आधी तू आम्हाला कॉम्प्युटरवर ते चित्र दाखवलंस. फलाट, जिने, आणि जिन्याकडे सरकणारे निळे ठिपके. एक ठिपका म्हणजे एक प्रवासी. दादानं विचारलं, यातला मी कुठला रे? ढेरी दिसत नाही कुणाला. तू म्हणालास, दादा, ठिपक्यांना ढेरी नसते. केवढे हसलो आपण! तुझं कौतुक त्याच्या डोळ्यांत मावत नव्हतं. मी या घरात आले तेव्हा तू शाळेत होतास, अंधाराला भ्यायचास, आमच्या दाराशी अंथरूण ओढून आणायचास. तोच मुलगा आता जमिनीखालच्या माणसांना वाट दाखवणार, हे तो भेटेल त्याला सांगत सुटला होता.

मग सराव. तू मला फलाटाच्या एका टोकाला उभं केलंस, त्याला दुसऱ्या. शिट्टी वाजली. सगळे आपापल्या जवळच्या जिन्याकडे निघाले आणि तुझा दादा गर्दीला कापत उलटा माझ्याकडे आला. माझी पिशवी घेतली, म्हणाला, हात धर. त्याच्यामागोमाग आणखीही काहीजण वळले, कुणी आईकडे, कुणी बायकोकडे. जिन्याच्या तोंडाशी गुंता झाला, एकीची चप्पल तिथेच राहिली. तू कर्ण्यातून ओरडलास, दादा, लग्नाला इतकी वर्षं झाली, आता तरी सोड की तिचा हात! सगळे खो खो हसले. ही फेरी बिघडली म्हणालास आणि दुसरी घ्यायला लावलीस, कुणी मागे वळायचं नाही असं सांगून. आम्ही शहाण्या मुलांसारखे वर आलो. तुझ्या ठिपक्यांना तू तीच दुसरी फेरी शिकवलीस. पहिली धरली असती तर माझ्या टोकाला आणखी एक जिना बांधावा लागला असता आणि स्टेशन ठरल्या दिवशी उघडलं नसतं. हे मी माझ्या मनचं सांगत नाही. त्याच संध्याकाळी आमच्याकडे जेवताना तूच हसत हसत सांगितलं होतंस.

स्टेशन उघडल्यावर खरोखरच धूर आला त्या दिवशी मी फलाटाच्या त्याच टोकाच्या नळावर पाणी प्यायला गेले होते. लोंढ्यानं मला उचललं आणि पाय टेकतात न टेकतात तोवर वर नेऊन सोडलं. तो दुसऱ्या जिन्यानं अर्धा चढला होता, हे त्याच्या शेजारून आलेल्या बाईनं मला सांगितलं. माझी बायको तिकडे आहे, म्हणाला आणि खाली उतरला. धूर ओसरल्यावर बंबवाल्यांना त्याचा देह नळापाशी सापडला.

तेव्हापासून मी वाचनालयात बसते. मला जेवढं कळतं तेवढं वाचते. धुरात माणसं आपल्या माणसासाठी मागे फिरतात, हे तुमच्या विषयाच्या साध्या पुस्तकातसुद्धा आहे. म्हणजे तुला ते ठाऊक होतं. तरी चौकशी समितीला तू काय सांगितलंस? आराखडा बरोबर होता, एक प्रवासी सूचना न जुमानता उलट गेला आणि त्यानं वाट अडवली. एक प्रवासी! नाव घ्यायलाही तुझी जीभ वळली नाही. आता दुकानात बायका मला पाहून पाठ फिरवतात. याच्यामुळे बाकीचे अडकले, असं त्यांना वाटतं.

परवा तू आलास. पायांना हात लावलास, त्याच्या खुर्चीत बसलास आणि म्हणालास, वहिनी, त्या पहिल्या फेरीचं कुठे बोलू नकोस, घरातलं घरात राहू दे. मी तुला चहा दिला. तू सुटकेचा निःश्वास टाकलास, तो मी ऐकला.

उद्या लोक म्हणतील, बाईनं पुढच्या प्रवाशांसाठी केलं, मोठ्या मनाची. तू तरी तसं समजू नकोस, म्हणून हे पत्र. मला प्रवाशांचं काही पडलेलं नव्हतं. तुझं नाव मातीत जावं, एवढंच मला हवं होतं, आणि अजूनही हवं आहे. तू गेल्यावर दुसऱ्या दिवशी मी आंघोळ केली, घराला कुलूप लावलं आणि चौकशी समितीपुढे जाऊन पहिली फेरी सांगितली. त्या सरावातल्या दोन शेजारणींना मी सोबत नेलं होतं, त्यांनीही सांगितली. मग मी समितीला विनंती केली, की मागे फिरणारा एक ठिपका त्या चित्रात घाला, त्याला माझ्या नवऱ्याचं नाव द्या, आणि तो कुठे जाऊन थांबतो हे सगळ्यांसमोर त्याच्या भावाला दाखवायला लावा. ते हो म्हणाले.

तुझीच,
वहिनी